धुक्याचे पाणी आपल्याकडे मिळेल काय?

डोंगरावर जाळी उभारून धुक्यातून पाणी काढतात, तसे असीरगडच्या बाजूला करता येईल काय, असे धर्मग्रामातील काही तरुण शेतकऱ्यांनी आम्हांस विचारले आहे. प्रश्न चांगला आहे. मात्र वर्गणी गोळा करण्यापूर्वी हिशेब पाहावा.

जाळीची करामत साधी आहे. दोन खांबांमध्ये, वाऱ्याला आडवी, शेडनेटसारखी दुहेरी जाळी ताणतात. वाहते धुके तिच्यातून जाताना बारीक थेंब धाग्यांना चिकटतात, एकत्र येऊन जड होतात आणि खालच्या पन्हळीत ओघळतात. वीज नको, पंप नको. चिली देशातील चुंगुंगो या कोळ्यांच्या गावाला १९९२ पासून असे पाणी मिळू लागले. सुमारे शंभर जाळ्या, प्रत्येकी ४८ चौरस मीटरच्या, आणि दिवसाला सरासरी १५,००० लिटर पाणी. म्हणजे चौरस मीटरला तीन लिटर. पुढे देखभाल सुटली आणि दहाएक वर्षांत ते काम बंद पडले. गिदोनाने लोकर पिळून वाटीभर दंव काढले होते, हे वाचकांना आठवेलच. त्याला मात्र पाणी नव्हे, खूण हवी होती.

आता आपले पाहू. चिलीत समुद्रावरचे ढग वाऱ्याने डोंगराला येऊन धडकतात. सातपुड्यावर ढग उतरतात ते पावसाळ्यात, तेव्हा पाण्याची वाण नसते. हिवाळ्यात तापीकाठी धुके पडते, पण ते निपचित असते. वाऱ्यावाचून जाळीत शिरत नाही. आणि वैशाखात, केळीला पाणी हवे तेव्हा, हवा कोरडी ठणठणीत. तरी कोणास पाहायचेच असेल, तर एक मीटर लांबरुंद तुकडा जमिनीपासून दोन मीटर उंचीवर बांधून खाली बाटली लावावी व महिनाभर रोज मोजावे. खर्च थोडा, शंका मिटेल.

आमच्या मते पैसा छपरावर लावावा. शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर होतात. ते विहिरीत मुरवा. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे नवे नाही. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी भुयारात धरून, कुंड्यांच्या रांगेखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. तोच आपला कुंडी भंडारा. २०२४ साली तो युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. पण वरच्या अंगाला पाणी मुरले नाही आणि बोअर मात्र खोल जात राहिले, तर भुयारात काय झिरपणार? इसहाकाने बापाच्या बुजलेल्या विहिरी आधी उपसल्या. आपणही बांध, समतल चर आणि ठिबक आधी करावे.

आरोग्यासाठी एवढे सांभाळा. पहिल्या एकदोन पावसांचे पाणी वाहू द्या. त्यात पक्ष्यांची घाण व फवाऱ्याचे औषध असते. विहिरीत सोडण्यापूर्वी पाणी गोटे, खडी व वाळूच्या खड्ड्यातून गाळा. शौचकूप आणि गोठा विहिरीपासून दूर हवा. पिण्याचे पाणी उकळा. टाकीला झाकण व वरच्या नळीला जाळीचे फडके बांधा, नाहीतर आठवड्यात डास होतात. तेवढ्या कामाला जाळी जरूर घ्यावी.