श्रद्धा आणि व्यवहार – भाग ६ : नीयत

इस्लाममध्ये जगण्याला हेतू देण्याची सुरुवात एखाद्या मोठ्या संकल्पाने होत नाही, ती समोरच्या कृतीपासून होते. नमाज, रोजा, जकात, हज यांपैकी काहीही करण्याआधी 'हे मी कशासाठी करतो आहे' हे मनाशी ठरवावे लागते. या ठरवण्याला नीयत म्हणतात. नवव्या शतकात इमाम बुखारींनी केलेल्या हदीससंग्रहाचा आरंभच या विषयाने होतो. खलिफा उमर यांच्यामार्फत आलेल्या तिथल्या पहिल्या हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, आशय असा : कृतीचे मोल नीयत ठरवते. उदाहरण हिजरतीचे आहे. मक्केहून मदिनेला निघालेल्यांपैकी एक जण अल्लाह आणि पैगंबरांसाठी निघतो, दुसरा लाभासाठी किंवा लग्नासाठी. वाट एकच, ऊन आणि धूळही तीच, पण ज्याने जे इच्छिले तेच त्याच्या पदरी पडते.

धर्मशास्त्राने, म्हणजे फिक्हने, या तत्त्वाचा अगदी बारीक नियम केला. नीयत सवय आणि उपासना यांत भेद करते. वजन उतरवण्यासाठी दिवसभर न खाणे हा रोजा नव्हे. तसाच ती एका उपासनेचा दुसरीपासून भेद करते. पहाटेच्या नमाजेतल्या दोन रकात (आवर्तने) सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या प्रथेनुसारच्या, आणि दोन रकात फर्ज, म्हणजे अनिवार्य, दिसायला सारख्याच असतात, वेगळ्या होतात त्या मनातल्या निश्चयाने. जकातीच्या बाबतीत हा नियम खिशाला भिडतो. चेन्नईच्या मण्णडीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने गरीब नोकराला दवाखान्यासाठी पैसे दिले, ते खर्चही झाले आणि वर्षअखेरीस हिशेब करताना तीच रक्कम अडीच टक्क्यांच्या जकातीत धरावी असे त्याच्या मनात आले, तर ती धरता येत नाही. ते पुण्याचे दान ठरते, पण जकात देणे बाकीच राहते.

चेन्नईत या नियमाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. कीळक्करै, कायलपट्टिणम अशा किनाऱ्यावरच्या गावांतून आलेली तमिळ मुस्लिम घराणी शाफई फिक्हपंथाची आहेत. उर्दूभाषक आणि रावुत्तर समाज प्रामुख्याने हनफी. शाफई मतानुसार रमजानच्या प्रत्येक रोजाची नीयत आदल्या रात्री, पहाट होण्यापूर्वी करावी लागते. हनफी मतानुसार काही खाल्ले-प्याले नसेल तर ती माध्यान्हाच्या आधीपर्यंत चालते. वुजू, म्हणजे नमाजेआधीचे हातपाय-तोंड धुणे, करताना नीयत शाफईंना अनिवार्य, हनफींना सुन्नत.

तमिळनाडूतल्या अनेक मशिदींत रमजानमध्ये तरावीहची रात्रीची नमाज आटोपली की इमाम उद्याच्या रोजाची नीयत मोठ्याने सांगतात, आधी अरबीत, मग तमिळमध्ये. या वर्षीच्या रमजानचा फर्ज रोजा उद्या अल्लाहसाठी धरतो आहे, अशा अर्थाचे शब्द रांगेतली मुले, म्हातारे, दिवसभर दुकानात उभे राहून आलेले लोक त्यांच्यामागून म्हणतात. तौहीदवादी, म्हणजे निव्वळ एकेश्वरत्वावर भर देणाऱ्या, गटांना ही प्रथा मान्य नाही. पैगंबरांनी असे शब्द उच्चारल्याचा आधार नाही, असे ते म्हणतात. उच्चाराचे समर्थन करणारेही नीयत हृदयातच असते हे मानतात, जिभेने फक्त तिला आधार द्यायचा. पण थकलेल्या माणसाला तो आधार लागतोच, आणि म्हणून ही प्रथा सहज टाकून देण्याजोगी नाही.

शब्द पुरेसे नाहीत हे इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये फार नेमके मांडले आहे. पोट भरलेल्या माणसाने 'मला भूक लागावी असे मी ठरवतो' म्हटल्याने भूक लागत नाही. तशीच नीयतही बोलण्याने उपजत नाही. ती मनाची ओढ आहे. जे श्रेष्ठ वाटते त्याकडे मन आपोआप वळते, म्हणून खटपट करायची ती काय श्रेष्ठ मानावे याची. जेवण, झोप, धंदा, संसार ही साधी कामेही याच वाटेने उपासना होऊ शकतात. कुटुंबाला हलाल कमाई मिळावी आणि कुणापुढे हात पसरावा लागू नये, या हेतूने दुकान उघडणाऱ्याची दुकानदारी पुण्यात जमा होते. हराम काम मात्र कितीही चांगल्या हेतूने केले तरी हलाल होत नाही.

हेतू एकट्याचा असला तरी त्याचे फळ अनेकांना मिळते, हे चेन्नईतल्या नोन्बु कंजीत, म्हणजे रोजाच्या पेजेत, दिसते. तांदूळ, मूगडाळ, मेथी, आले-लसूण आणि नारळाचे दूध घालून मशिदीत दुपारपासून मोठाल्या भांड्यांत ही पेज शिजते. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, सुमारास आसपासच्या घरांतून लोक डबे घेऊन येतात, त्यांत मुसलमान नसलेलेही असतात. तांदूळ राज्य सरकार मशिदींना पुरवते. बाकीचा खर्च बहुधा मोहल्ल्यातली माणसे एकेक दिवस वाटून घेतात, कुणी दिवंगत आई-वडिलांच्या नावे, कुणी नवस फेडण्यासाठी. ट्रिप्लिकेनच्या वालाजाह मशिदीत तर मैलापूरच्या सूफीदार ट्रस्टचे हिंदू स्वयंसेवक तीन दशकांहून अधिक काळ इफ्तार वाढत आले आहेत. ही संस्था फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या दादा रतनचंद यांनी उभी केली. अर्काटच्या नवाब घराण्याने १७९५ मध्ये बांधलेल्या याच मशिदीत बांधकामाचे वर्ष सांगणारा फारसी कालश्लोक कोरलेला आहे आणि तो नवाबांचे हिंदू मुन्शी राजा मक्खनलाल 'खिरत' यांनी रचला.

माणूस गेल्यावरही त्याचा हेतू चालू ठेवण्याची कायदेशीर सोय म्हणजे वक्फ. मालमत्ता एकदा अल्लाहच्या नावे वक्फ केली की सामान्यतः ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, आणि देणाऱ्याने लिहून ठेवलेला उद्देश पुढच्या मुतवल्लीवर, म्हणजे व्यवस्थापकावर, बंधनकारक राहतो. इथे मनातली गोष्ट कागदावर आणावीच लागते. तमिळ प्रदेशात अशा मरणोत्तरही चालणाऱ्या दानशूरतेचे नाव म्हणून सतराव्या शतकातल्या कीळक्करैच्या सीदक्कादी या व्यापाऱ्याची आठवण निघते; मेल्यावरही त्याने दिले, अशी म्हणच आहे. तोच वारसा पुढे नेत कीळक्करैचेच बी. एस. अब्दुर रहमान यांनी त्याच्या नावाचा सीदक्कादी ट्रस्ट चालवला आणि १९८४ मध्ये वंडलूरला क्रेसेंट अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी १९५१ मध्ये रॉयपेट्टात न्यू कॉलेज आणि १९५५ मध्ये न्यायमूर्ती बशीर अहमद सईद यांच्या पुढाकाराने तेनाम्पेट्टात मुलींचे महाविद्यालय उभे राहिले. दोन्ही ठिकाणी सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकतात.