परदेशी चाललात? मग गाडीचं काय?

यजमानांची दोन वर्षांकरता परदेशी बदली ठरली, की घरात याद्या सुरू होतात. मुलांचे शाळेचे दाखले, लसींची कार्डं, गॅसचं कनेक्शन, गोडा मसाला किती न्यायचा, सासूबाईंच्या औषधांचं कोण पाहील. अशात एखाद्या संध्याकाळी यजमान म्हणतात, "अगं, गाडी बरोबरच नेऊ या की! एवढी नवीकोरी आहे, विकायची कशाला?" तुम्हालाही ते पटतं. तिथे नवी गाडी घ्यायची म्हणजे केवढा खर्च! शिवाय हात बसलेली आपली गाडी ती आपली.

मैत्रिणींनो, इथेच जरा दम धरा. गाडी म्हणजे काही लोणच्याची बरणी नव्हे, की गुंडाळली आणि ठेवली सामानात.

सगळ्यात आधी पाहायचं, त्या देशात वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, मलेशिया, केनिया, नेपाळ, श्रीलंका इथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने. पण आखाती देशांत, अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत उजव्या बाजूने. संयुक्त अरब अमिरातीत तर उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची साधी नोंदणीसुद्धा होत नाही. तेव्हा बदली दुबईला असेल तर विषय तिथेच संपला. चहा गार व्हायच्या आत यजमानांना सांगून टाका.

आता दुसरी गोष्ट. बहुतेकजण इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा. पाहुणी म्हणून गाडी नेणं वेगळं आणि राहायला जाताना नेणं वेगळं. पाहुण्यांच्या गाडीला पुष्कळ देश थोडे दिवस बिनजकात फिरू देतात. ब्रिटनमध्ये ही सवलत बारा महिन्यांत सहा महिन्यांपुरती असते. नेपाळात भारतीय गाडीला सीमेवरच्या भन्सार कचेरीत, म्हणजे तिथल्या जकात नाक्यावर, रोजचे ठरलेले पैसे भरून परवाना मिळतो. पण वर्षाकाठी एकूण तीस दिवसच. पशुपतिनाथाचं दर्शन आणि पोखऱ्याची सहल यात मजेत बसते, नोकरी बसत नाही. तुम्ही तिथे घर केलंत, मुलं शाळेत घातलीत, की तुम्ही पाहुण्या राहत नाही.

मग राहायला जाणाऱ्यांनी काय करायचं? ब्रिटनचंच उदाहरण घेऊ. बिऱ्हाड हलवून येणाऱ्यांना तिथे करमाफी मागता येते. त्यासाठी येण्याआधी सलग बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेलं असावं लागतं आणि गाडी निदान सहा महिने तुमच्याकडे वापरात असावी लागते. त्यानंतर वर्षभर ती विकता येत नाही की कुणाला वापरायला देता येत नाही. म्हणजे जायचं म्हणून घाईघाईने नवी गाडी घेतलीत, तर ती या सवलतीत बसणारच नाही. शिवाय दहा वर्षांच्या आतली गाडी तिथल्या नियमांत बसते हे तपासणी करून सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे पास झालेली गाडी तिथेही आपोआप पास होते असं मुळीच नाही.

कार्ने हा शब्दही तुमच्या कानावर येईल. हा गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. आपल्याकडे तो मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनतर्फे मिळतो. ही संस्था १९१९ सालची आहे. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना जकात अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के उमटतात. "ही गाडी इथे विकणार नाही, परत घेऊन जाईन" अशी ती हमी असते आणि त्या हमीपोटी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार त्यावर ठरते. ती थोडकी नसते बरं का. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असं धरून जकात मागितली जाऊ शकते. म्हणून रांग कितीही मोठी असो, मुलं कितीही किरकिरोत, शिक्का नीट उमटलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

मात्र कार्नेची मुदत एक वर्षाची. लांबच्या मोटारसफरीला तो उत्तम. दोन वर्षांच्या बदलीला अपुराच.

एवढं सगळं जुळलं, तर मग जहाज. गाडी कंटेनरमधून जाते, नाहीतर गाड्या थेट चढवून नेणाऱ्या जहाजातून. या दुसऱ्या प्रकारात गाडीत घरसामान भरू देत नाहीत, तेव्हा डिकीत कुकर आणि गाद्या कोंबायचा बेत सोडून द्या. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवायचं. ऑस्ट्रेलियाला जायचं असेल, तर धुण्याचं काम मन लावून करून घ्या. चाकांच्या वरच्या खोबणीत अडकलेली माती, पायपुसण्यांखालचं गवत, बी-बियाणं, किडा-मुंगी, यातलं काही सापडलं तर गाडी अडवतात आणि तुमच्या खर्चाने पुन्हा धुतात. आपण दिवाळीला माळा झाडतो तितक्या निगुतीने हे व्हायला हवं.

विम्याचंही ऐका. आपल्या गाडीचा नेहमीचा विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्यांपर्यंत वाढवता येतो. त्यापलीकडे तिथला वेगळा विमा, आणि समुद्रप्रवासाचा आणखी निराळा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आधी हवी. आर.टी.ओ.कडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो. तो तुमच्या स्वतःच्या नावानेही काढा. "मला कुठे चालवायचीय तिथे" म्हणून सोडून देऊ नका. मुलाला ताप आला आणि यजमान दौऱ्यावर असले की कळतं. गाडी यजमानांच्या नावावर असेल, तर तुम्हाला ती चालवायची परवानगी असल्याचं नोटरी केलेलं पत्रही जवळ असू द्या.

आणि परतीचं काय? गाडी नेताना जकातीच्या कागदांवर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बरोबर लिहून घ्या आणि ते कागद दागिन्यांइतके जपा. परत येताना "ही इथूनच गेलेली आमची गाडी" हे त्यावरूनच दाखवायचं असतं. तिथेच घेतलेली गाडी इकडे आणायचा मोह तर नकोच. तीन वर्षांहून जुनी किंवा डावीकडे स्टिअरिंग असलेली वापरलेली गाडी आपल्याकडे येऊ देत नाहीत. जी येते तिच्यावर सगळे कर मिळून तिच्या किमतीहून जास्त पैसे भरावे लागतात. बिऱ्हाड परत आणणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत मिळते तीत मोटारगाडी धरत नाहीत.

खरं सांगू? कंपनी सगळा खर्च उचलत नसेल, तर माझं मत गाडी इथेच ठेवण्याचं किंवा विकण्याचं. विकलीत तर आर.टी.ओ.त नाव बदलल्याची खात्री करूनच विमानात बसा. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय. नुसत्या कागदावरच्या सह्या आणि हातात पडलेले पैसे पुरत नाहीत.

ठेवायची असेल तर झाकून दोन वर्षं उभी करू नका. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटतात, उंदीर वायरी कुरतडतात. कुणीतरी पंधरवड्याला ती काढून चार-सहा किलोमीटर फिरवायला हवी. हे काम बहुधा दिरांकडे जातं. देताना संकोच न करता विचारा: भावजी, लायसन्सची मुदत आहे ना? विम्याचा हप्ता आणि पी.यू.सी. कोण पाहणार, तेही तोंडावर ठरवा. नंतर फोनवर हे विषय निघाले की उगाच मनं दुखावतात. आणि हो, फास्टॅग कुणाच्या खात्याला जोडलाय तेवढं निघण्याआधी पाहून घ्या. नाहीतर भावजी दर शनिवारी सहकुटुंब लोणावळ्याला जातील आणि तुम्हाला तिकडे परदेशात टोल कापल्याचे मेसेज येत राहतील!