साखळी नको, गिऱ्हाईक हवं!

मंडळी, ॲम्सटेलव्हीन असो की आइंडहोव्हन, नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला कधी ना कधी "चहाला या ना, एक छान कल्पना सांगायची आहे," असा फोन येतो. ती कल्पना बहुधा नेटवर्क मार्केटिंगची निघते. तिला सरसकट नावं ठेवण्याचा आमचा विचार नाही. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून, डच भाषा पुरती येत नसताना चार युरो मिळवावेसे वाटणं अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की पैसा येतो कुठून? माल विकून की माणसं जोडून?

या धंद्याचं हॉलंडशी एक नातं आहे. ॲमवे कंपनी १९५९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये सुरू झाली. रिच डिव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे तिचे दोन्ही संस्थापक डच वंशाचे. ही साखळी म्हणजे पिरॅमिड आहे का, या वादाचा निकाल तिथल्या व्यापार आयोगाने १९७९ साली दिला: नाही. पण का नाही, ते पाहा. विक्रेत्याने दर महिन्याला दहा किरकोळ गिऱ्हाइकांना विकावं, घेतलेल्यापैकी ७० टक्के माल खपवावा, न खपलेला माल परत घेतला जावा, असे नियम तिथे होते. कमाईचे फुगवलेले आकडे सांगायला मात्र आयोगाने मनाई केली.

आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून वहीत मांडून पाहिलं. एकाने पाच जण आणायचे, त्या प्रत्येकाने पुन्हा पाच. सहाव्या पायरीवर १५,६२५ माणसं लागतात. अकराव्या पायरीवर ४ कोटी ८८ लाख! अख्ख्या नेदरलँड्सची लोकसंख्याच सुमारे १ कोटी ८० लाख. साखळी कुठेही थांबवा, दर पाचांतले चार जण शेवटच्या पायरीवरच असतात आणि त्यांच्या खाली कोणीच नसतं. त्यांची मेहनत कमी पडते असं नाही, गणितच तसं आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. त्याच १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथेही एकीमागून एक करत हजारो जणी आल्या. पण बहिणीची मजुरी ठरते ती तिने लाटलेल्या पापडांवर, तिने किती जणींना आणलं यावर नाही.

म्हणून ज्यांना थेट विक्री करायची आहे त्यांनी जरूर करावी. स्वतः वापरून पटलेली एकच वस्तू निवडा. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्त्यावर पथारी मांडून बघा. अनोळखी डच माणूस तोंडावर किंमत विचारतो आणि नको असेल तर तोंडावरच नको म्हणतो. ही शिकवणी फुकट मिळते. पुढे नियमित विक्री करायची तर कामर व्हान कोपहांडेलमध्ये नोंदणी करा. वर्षाची उलाढाल २० हजार युरोंपर्यंत असेल, तर बीटीडब्ल्यूमधून सूट मागता येते. घरी जाऊन विकलेला माल ग्राहकाला बहुतेक वेळा १४ दिवसांत परत करता येतो, तेव्हा आलेले पैसे लगेच खर्चू नका. पिरॅमिड खेळाला इथल्या जुगाराच्या कायद्याने बंदी आहे, भारतातही १९७८ पासून पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे.

आणि कोणी साखळीत बोलावलं, तर एकच विचारा: "नवीन माणूस एकही आला नाही, तर नुसत्या मालावर तुम्हांला काय सुटतं?" उत्तर आकड्यात आलं तर बसा, स्वप्नात आलं तर उठा.

परदेशात आपली घरं मोजकी. रात्री पोराला ताप चढला की ज्यांना फोन करायचा, तीच ही पाच-दहा माणसं. त्यांना 'आपल्या खालची पायरी' करून टाकलं, तर मिळणारं कमिशन फार महाग पडतं. गिऱ्हाईक बाहेर शोधा, मैत्र घरात राहू द्या.