आपला वाडा केव्हांचा?

‘हा वाडा पेशवाईंतला,’ असें आपल्याकडे बहुतेक प्रत्येक जुन्या घराविषयीं सांगितलें जातें. कित्येकदां तें खरेंहि असतें. परंतु खांबावरील केळफुलाची नक्षी आणि वडिलांच्या तोंडची हकीकत एवढ्यावरून घर १८१८ पूर्वींचें ठरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

देशावरील वाड्याचा भार मुख्यत्वें सागवानी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कडीपाट, अशी ही रचना. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’. सांगाडा तसाच ठेवून भिंती, फरशी व कौलें बदलतां येतात; म्हणून त्यांचें वय तें घराचें वय नव्हे. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं काढला. अर्थात् तीं कौलें त्यानंतरचीं; खालचा सांगाडा मात्र त्याहून किती तरी जुना असूं शकेल.

कोरलेलें साल सांपडलें तरी जपून चालावें. वाईजवळ मेणवलीस मेणेश्वराच्या देवळापाशीं जी मोठी घंटा आहे, तिजवर १७०७ हें साल आहे. पण ती पोर्तुगीजांची. १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर ती इकडे आली. मेणवली गांव नाना फडणविसांस मिळालें तें १७६८ त. सालावरून घंटेचें वय कळतें, तेथील वाड्याचें नव्हे.

लांकडाचेंहि तसेंच. तुळईंत कांहींच न बसविलेली रिकामी खाच दिसली, तर ती तुळई पूर्वीं दुसरीकडे वापरलेली असण्याचा संभव असतो. सागांत वार्षिक वर्तुळें उमटतात व त्यांवरून झाड तोडल्याचा काळ काढतां येतो. परंतु सुतारानें सालीकडचा भाग तासून टाकला असल्यास तोडणी ‘अमुक सालानंतर’ एवढेंच कळतें. म्हणून अनेक खुणा एकमेकींशीं ताडून पाहाव्या लागतात.

वांटण्या होतात, वाडे उतरतात, आणि ज्या सांगाड्यांत हा सारा पुरावा असतो त्याचेंच लांकूड चांगल्या किंमतीस विकलें जातें. आमच्या वाचकांस एवढीच विनंती कीं, वाडा उतरविणें अटळ असेल तर आधीं खण मोजून नकाशा काढावा, खांबांस व तुळयांस क्रमांक देऊन छायाचित्रें घ्यावींत, खाचा व अक्षरें टिपावींत, आणि घरांतील जुनीं वांटणीपत्रें त्यांशीं पडताळावींत. हें काम चार दिवसांचें आहे. परंतु लांकूड एकदां वखारींत गेल्यावर तें कोणासच करतां येणार नाहीं.