समाजसेवा आणि महाविद्यालयीन प्रवेश

उच्च शिक्षणासाठी विद्यार्थ्यांची निवड करताना केवळ परीक्षेतील गुण पाहावेत, की त्यांनी समाजासाठी केलेल्या कामाचीही दखल घ्यावी, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रात वारंवार उपस्थित होतो. अमेरिकेतील अनेक नामांकित महाविद्यालये गुणांबरोबर अर्जदाराचे सेवाकार्यही विचारात घेतात. आपल्या राज्यात मात्र अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाचे प्रवेश मुख्यतः प्रवेश परीक्षांतील गुणवत्तेवर होतात. तेथे समाजसेवेस स्वतंत्र गुण नाहीत.

प्रवेशानंतरची सेवा

आपल्याकडे सेवेला स्थान मिळाले ते प्रवेशानंतर. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत अशा उपक्रमांना श्रेयांकही मिळू लागले आहेत.

निवडीतच सेवेला वजन देण्याचे उदाहरण पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात आढळते. दुर्गम व अवघड भागांत काम केलेल्या शासकीय डॉक्टरांना सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, कमाल ३० टक्के प्रोत्साहनपर गुण देण्याची तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती ग्राह्य धरली. तेथे सेवेचे ठिकाण व काळ शासकीय नोंदींवरून पडताळता येत असे, हे महत्त्वाचे होय.

कोणाची सेवा मोजावी?

विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे. प्रमाणपत्रालाच गुण मिळू लागले, तर सेवा मागे पडून कागद पुढे येण्याचा धोका संभवतो. शिवाय ज्याच्या घरी सवड व पैसा आहे, त्यालाच दूरच्या उपक्रमांत भाग घेणे सोपे जाते. पुणतांब्यासारख्या गोदावरीकाठच्या गावात पहाटे गुरांचे पाहून, धाकट्या भावंडांची तयारी करून महाविद्यालय गाठणाऱ्या मुलीजवळ प्रमाणपत्र नसते. तिची जबाबदारी मात्र खरी असते. हार्वर्ड विद्यापीठातील एका प्रकल्पाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही कुटुंबासाठी केलेले काम प्रवेशाच्या वेळी विचारात घ्यावे, असे सुचविले होते.

ग्रामपंचायतीचे कार्य

२०१७ च्या शेतकरी संपाचा निर्णय पुणतांब्याच्या ग्रामसभेत झाला. गावाचे प्रश्न एकत्र बसून ठरविण्याची ही शक्ती विद्यार्थ्यांच्या सेवेलाही दिशा देऊ शकेल. पाण्याचा ताळेबंद, नदीकाठची स्वच्छता, निरक्षर प्रौढांना अक्षरओळख यांपैकी कोणते काम गावाला हवे, हे ग्रामसभेने सांगावे. शिक्षकांनी कामाचे तास व फलित यांची नोंद ठेवावी. आणि वर्षाखेरीस त्याचे वाचन ग्रामसभेतच व्हावे. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांच्यासमोर झालेल्या पडताळणीइतका भक्कम दाखला दुसरा नाही. प्रवेशात सेवेला किती वजन द्यावे, हे धोरणकर्ते ठरवतील. ती सेवा खरी असावी, हे पाहणे मात्र गावाच्या व शाळेच्या हाती आहे.