शिंगणापूरला निघताय? आधी टायर बघा

शनिजयंती वैशाख अमावास्येला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने घोडेगावला वळेपर्यंत तापलेलं डांबर वेगवान गाडीच्या टायरची परीक्षा घेतं. नवे घेताना हे पाहा:

● आकार: २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १६ इंची.

● भार, वेग: ९१ व्ही म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ताशी २४० किमीपर्यंत. ‘एच’ची मर्यादा २१०, ‘डब्ल्यू’ची २७०. गाडीसोबत आलेल्या अक्षरापेक्षा खालचं घेऊ नका.

● वय: बाजूवरचे शेवटचे चार आकडे २३२५ असतील, तर टायर २०२५च्या २३व्या आठवड्यातला.

● झीज: नक्षी १.६ मिमीवर, म्हणजे खाचेतल्या उंचवट्याला टेकली, की टायर बाद. गोटा होईपर्यंत थांबू नका.

● जोडी: दोनच नवे घेतले, तर मागे बसवा, ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरत नाही.

● हवा: टायर गार असतानाच तपासा, प्रवासात तापून वाढलेली काढू नका. नेमका आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. शिंगणापूरच्या घरांसारखंच, इथेही दारापेक्षा चौकट महत्त्वाची! स्टेपनीतलीही हवा बघा.