सिल्वासा आणि ‘काही होणार नाही’वाले

1954 साली दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून काढून घ्यायचा बेत ठरला, तेव्हा त्या मंडळींत संगीतकार सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला गेला. भावगीतं म्हणणारा माणूस पोलिस चौकीवर चालून जाणार! अशा बेताची टर उडवायला फारशी अक्कल लागली नसती.

2 ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा मुक्त झालं. माघार घेतलेला पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो 11 तारखेला शरण आला.

टर उडवणारं हे शहाणपण, म्हणजे सिनिसिझम, आज घरोघरी आढळतं. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हणणाऱ्याने बहुधा फसवणूक भोगलेली असते, त्यामुळे त्याला वेड्यात काढता येत नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक डायोजेनिस समाजाला असाच तुच्छ लेखायचा. पण तो घरदार सोडून मोठ्या रांजणात राहिला. आजचा सिनिक हप्ते भरतो, बढती मागतो आणि वर हसतो. सगळं कळूनही तसंच वागत राहायचं, ही वृत्ती जर्मन तत्त्वज्ञ पीटर स्लोटरडाइक यांनी 1983 मध्ये नेमकी पकडली.

यावर भाबडा आशावाद हा उतारा नव्हे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांचं म्हणणं जास्त उपयोगी: जग सुधारेलच असं नाही, सुधारणारच नाही असंही नाही, माणसं काय करतात यावर ते बरंचसं अवलंबून आहे. आपल्याकडे समाजसुधारक आगरकरांनी हे जगून दाखवलं. ‘केसरी’ सोडून त्यांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. लोकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी थांबली नाही. त्यांच्याइतकं जहाल समाजाला क्वचितच कुणी सुनावलं असेल, आणि तरीही समाज बदलू शकतो हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

सिल्वासाची पुढची कहाणी मात्र कंटाळवाणी, म्हणून जास्त बोलकी. सात वर्षं तिथल्या स्थानिक वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, असा निकाल 1960 मध्ये 9 विरुद्ध 6 मतांनी लागला. 11 ऑगस्ट 1961 ला हा प्रदेश भारतात विलीन झाला. त्या करारावर नेहरूंसोबत सही करायला के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान करण्यात आलं!

संशयी माणूस इथे विचारेल: तिथल्या वारली-कोकणा आदिवासी शेतकऱ्याला काय मिळालं? प्रश्न रास्तच आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या ‘अल्वारा’ या जमिनीच्या पट्ट्यांना हात घालणारं जमीन सुधारणा विनियमन आलं ते 1971 मध्ये, आणि त्या पट्ट्यांचे खटले पुढे कित्येक दशकं चालले. ‘मी म्हणत नव्हतो?’ एवढं बोलून सिनिक इथून उठतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे पाहायला तलाठ्याकडे जाणारा वेगळाच कुणीतरी असतो.